पाव इंच

कारखान्यानं ही गाडी बिनछपराची कधी काढलीच नाही,
हे मी डेल्मारला तीनदा सांगितलं.
अडुसष्टची चार्जर. आहे तशी ठेवलीस
तर नातवाचं कॉलेज निघेल हिच्यात.
कापलीस तर भंगार, वर जाणकारांच्या शिव्या.
तो गॅरेजच्या दारात, काठीवर, अंगावर नोव्हेंबर.
म्हणाला, मला आत बसता येत नाही.

फाउंड्रीत साखळी तुटली तेव्हापासून
त्याच्या पाठीत दोन सळ्या आहेत, मानेत चार स्क्रू.
माणूस मूळचाच ताठ मानेचा,
फोरमनपुढे कधी वाकला नाही,
आता बुटाच्या नाडीपुढेही वाकत नाही.
छपराखाली जायचं तर डोकं तुकवावं लागतं.
सहा वर्षं गाडी धुतो, पुसतो,
खिडकीतून हात घालून रेडिओ लावतो
आणि बाहेर उभा राहून ऐकतो.

बघणाऱ्याला वाटतं छप्पर म्हणजे टोपी, काढली की झालं.
छप्पर हाच हिचा कणा.
पत्र्याला पत्रा धरून उभं आहे सगळं,
ते काढलं की मधोमध झोल खाते,
दोरीवरच्या ओल्या गोधडीसारखी.
म्हणून आधी दारांच्या चौकटीत आडव्या नळ्या,
फरशीखाली फुलीच्या आकाराचं लोखंड,
आणि नवे उंबरे, कारण जुने मिठानं खाल्लेले.
दर हिवाळ्यात बर्फावर ओततात ते मीठ.
सॅगिनॉतली कुठलीच गाडी खाल्ल्या मिठाला जागत नाही.
ट्रेमेन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणून
आकडे खडूनं भिंतीवर मांडत होता.

कापायच्या दिवशी आर्लीन थर्मास घेऊन आली.
पहिली रेघ मी ओढतो, डेल्मार म्हणाला.
पण करवतीआधी त्याचा हातच कापत होता,
म्हणून मी घेतली.
ठिणग्या. जुन्या रंगाचा जळका वास.
शेवटचा खांब सुटला तेव्हा जो आवाज झाला
तो मोडल्याचा नव्हता,
बसल्या जागी कुणी सुस्कारा टाकावा तसा.
चौघांनी छप्पर खांद्यावर घेतलं
आणि दारातून बाहेर पडताना लक्षात आलं
आपण कसे चालतो आहोत. कुणी बोललं नाही.

अस्तरात उंदराचं घरटं होतं,
घरट्यात मोत्याचं एक कानातलं.
आर्लीननं ते उजेडात धरलं.
माझं नाही, म्हणाली, आणि खिशात टाकलं.
गाडी मी सेकंडहँड घेतली होती, डेल्मार म्हणाला.
त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

एप्रिलमध्ये इंजिन उचलायची क्रेन आणली.
साखळीकडे तो बराच वेळ बघत राहिला.
नवीन आहे, मी म्हटलं, दोन टनांची.
तीही दोन टनांचीच होती.
मग त्यानं हात वर केले, आम्ही पट्टा बांधला
आणि वरून, ताठच्या ताठ, त्याला स्टिअरिंगमागे सोडला.
मान वळत नाही म्हणून आरसे तीन.
तिन्हींत आकाश होतं.

दार लावायला गेलो तर लागेना.
पाव इंच.
नळ्या, फुली, दोरी, खडू, सगळं करून
माणूस आत बसल्यावर ती पाव इंच खाली आली.
उघडतो पुन्हा, मी म्हटलं, आठवडाभर दे.
तो म्हणाला, जरा उचलून लाव की.
आर्लीननं उचलून लावलं,
जसं घरातलं एखादं दार आपल्याला माहीत असतं.

नदीच्या रस्त्यानं गेले दोघं.
कापडी टप मागे घडी घालून ठेवलाय,
पण पाऊस आला आणि तो वर ओढला
तर डेल्मार बाहेर कसा निघणार, हे माझ्या हिशेबात नव्हतं.
क्रेन बाहेरच ठेवली. हलवायची नाही, ट्रेमेनला सांगितलं.

साडेनऊ झाले. साखळी वाऱ्यात वाजत होती.
पेट्रोल संपलं असेल, ट्रेमेन म्हणाला.
नाही, म्हटलं.
टाकी मी भरून दिली आहे.