झेंडा धुवायला टाकलाय

सकाळी सव्वासातला मी शाळेचं ऑफिस उघडते.
आधी फोनवर हवेचा आकडा बघायचा,
मग त्या रंगाचा झेंडा कपाटातून काढायचा.
हिरवा, पिवळा, केशरी, लाल, जांभळा.
हिरवा वापरून वापरून विरलाय.
जांभळ्याची घडी अजून दुकानातून आली तशीच.

आमच्या मिरजेच्या शाळेत झेंडा वर्षातून दोनदा,
गाठ सुटली की त्यातून झेंडूच्या पाकळ्या पडायच्या
हेडमास्तरांच्या टोपीवर.
यातून काही पडत नाही.

दोरी ओढायचा मान यंदा
तिसरीतल्या लेव्हॉन पिकेटचा.
तो अर्ध्यावर थांबतो,
बुटाची लेस सुटल्यासारखं करतो
आणि वाकून श्वास गोळा करतो.
मला कळलंय, हे त्याला कळलंय.
मग मीही माझ्या लेसकडे बघते.
माझ्या बुटांना लेस नाही.

मोनोंगाहेला नदीच्या पलीकडे भट्ट्या.
दगडी कोळसा भाजतात तिथे, रात्रंदिवस,
थोड्या थोड्या वेळाने एक दार उघडतं
आणि टेकडीएवढं पांढरं काहीतरी उभं राहतं.
बालवाडीतली पोरं चित्र काढताना
सूर्याच्या आधी ते काढतात.
पांढरा खडू पहिला संपतो.

इथे आले त्या पहिल्याच आठवड्यात
खिडकीतून वास आला, आणि मला वाटलं
कुणीतरी पाणीपुरीचं पाणी केलंय.
काळं मीठ! मी हसले चक्क,
तोंडाला पाणीसुद्धा सुटलं.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

खालच्या खणात बुटांचं खोकं.
खोक्यात एकोणतीस पंप,
प्रत्येकाला चिकटपट्टी, पट्टीवर नाव, माझ्या अक्षरात.
पोर शाळा सोडून गेलं की पट्टी सोलते,
डिंक मात्र राहतो बोटाला दिवसभर.

लेव्हॉनची आई, ओडेसा, भट्टीच्या दारावरच असते.
पंप द्यायला आली तेव्हा मी नुसतं तिच्याकडे पाहिलं.
ती म्हणाली, बघू नका असं,
हाही त्याच पगारातून येतो.
जिममधला स्कोअरबोर्डही कंपनीचाच.
आकडे फार सुंदर पेटतात त्याच्यावर.

ऑक्टोबरातला मंगळवार.
वारा नाही. धूर वर जाईना,
नदीवरून सरपटत आला आणि
बसच्या चाकांशी कुत्र्यासारखा बसला.
फोन म्हणाला : बेचाळीस. हिरवा.

लेव्हॉनने हातात झेंडा घेतला,
बाहेर जाऊन आला,
आणि घडी तशीच माझ्या टेबलावर ठेवली.
हा नाही, म्हणाला.
म्हटलं, बाळा, आकडा हाच सांगतोय.
तो आकडा राहतो कुठे?
अकरा मैलांवर. लायब्ररीच्या छपरावर मशीन आहे.
त्याने जरा विचार केला.
मग झेंडा तिकडे लावा ना.

खांब रिकामा राहिला.
रिकाम्या खांबाचा अर्थ कुठल्याच कागदावर नव्हता,
म्हणून प्रत्येक बाईंनी आपापला लावला
आणि मधल्या सुट्टीत कुणीच पोरं बाहेर सोडली नाहीत.
दोनशे मुलं, एक जिम, एकच चेंडू.
आवाजाने माझा दरवाजा थरथरत होता.

अकराला मिसेस हॅव्ह्रिलॅक यांचा फोन, जिल्हा कार्यालयातून :
आज तुमचा झेंडा दिसत नाही?
मी म्हटलं, धुवायला टाकलाय.

संध्याकाळी तो पिशवीत घालून घरी नेला.
खोटं अंगाशी येऊ नये, एवढंच मनात होतं.
बादलीत बुडवला, साबण लावला, चोळला.
नवऱ्याने विचारलं, कुणाचा गं?
काही बोलले नाही.
तिसऱ्यांदा पाणी बदलत होते.