गाडीवर बोजा आहे

पहिल्याच फोनवर सांगून टाकायचे मी,
गाडीवर बोजा आहे.
टपावर? एकाने विचारलं.
मग आरसीवरचं बँकेचं नाव वाचून दाखवलं
आणि पलीकडे फोन हळूच ठेवला गेला.

का विकायलात, हे सगळेच विचारत.
वसमतच्या माणसाला सांगितलं, बदली झाली.
जिंतूरच्याला, मोठी घ्यायची आहे.
खरं एवढंच होतं
की तासिकेवरच्या मास्तरणीला कॉलेज पैसे देतं
वर्षातून दोनदा, देतं तेव्हा,
आणि हप्ता मात्र दर पाच तारखेला येतो.
हप्ता भरला की पेट्रोलला उरत नसे.
वॅगनार दारात उभी,
मी तिच्या अंगावर हात फिरवून रिक्षात बसायची.

एक एजंट म्हणाला, मॅडम, बोज्याचं बोलताच कशाला?
स्टँपावर लिहून घेऊ, पुढचं पुढे.
त्याच्या शर्टाच्या खिशात चार गाड्यांच्या चाव्या होत्या.
कुणाच्या, कोण जाणे.

मग मानवतहून मुनीरभाई आले.
बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात.
सोबत ढोल आणला होता, डिकीत बसतो का बघायला.
बसला नाही.
मागचं सीट पाडलं, बसला.
बोजा ऐकून पळाले नाहीत. किती राहिलाय, म्हणाले.
एक लाख बारा हजार चारशे.
बरं. आधी त्यांचं देऊ, मग तुमचं.
जशी काही बँक म्हणजे माझी थोरली जाऊ.

बँकेत पुतण्याच्या खात्यातून साठ हजार वळते झाले.
बाकीचे पिशवीतून निघाले,
दहाच्या, विसाच्या नोटा, नवरदेवावरून ओवाळलेल्या,
काहींना अजून हळद,
एकीच्या घडीत अक्षतांचा दाणा.
मशीन एकेक नोट परत थुंकायचं.
चाचा, वरात आणली का काय, कॅशियर म्हणाला.
चाळीस वराती आहेत साहेब, नीट मोजा.

पैसे फिटले. नाव फिटलं नाही.
नाहरकत पुण्याहून यायची होती, तीन आठवडे.
ते तीन आठवडे गाडी नेमकी कुणाची
हे मला अजून सांगता येत नाही.
नाव माझं, पैसे त्यांचे, शिक्का बँकेचा,
आणि शेवगा शेजाऱ्यांचा,
ज्याचा पाला तिच्यावर पडायचा.
एक चावी त्यांच्याकडे, एक माझ्याकडे.

रविवारी ते यायचे, बॅटरी उतरू नये म्हणून.
इंजिन सुरू करून काचा लावून घ्यायचे
आणि आत बसून क्लॅरिनेट.
बाहेर एवढंच यायचं,
कुणीतरी उशीत तोंड खुपसून गातंय जसं.
वाकोडेकाकू गॅलरीतून विचारायच्या, विकली ना गं?
विकली, मी म्हणायचे.
म्हणजे, विकायलेय.

आरटीओत सह्या झाल्या त्या दिवशी
उन्हात उभ्या उभ्या त्यांनी विचारलं,
काही नाव ठेवलं होतं का गाडीला?
छे, म्हटलं, नावं ठेवण्यासारखं काही नव्हतंच तिच्यात.
म्हटलं आणि जीभ चावली.
बोजा जगाला सांगत फिरले होते,
तिसऱ्या गिअरचं कुणालाच सांगितलं नव्हतं.

मुनीरभाई, तो तिसरा गिअर...

तो व्हय? पहिल्याच दिवशी ऐकला.
सुराला लागत नाही, जरा खाली उतरतो.

मग बोलला नाहीत ते?

बोललो की. दोन हजार कमी नाही का बोललो?

माझी चावी खिशात टाकून ते आत बसले
आणि दुसऱ्यातून थेट चौथ्यात टाकत
पाथरी रोडला लागले.