लोड

मानेवाड्याच्या खोलीत कूलर घरघरतो,
मॅडमचा आवाज त्यात अर्धाच येतो.
मेडिकलमधला पुतळा महिनाभर कुलपात,
म्हणून माझ्यापुढे गादीवरचा लोड,
बाबांच्या जुन्या शर्टात.

"कोपर वाकवू नका, टेंभरे. दाबा."
दाबते. स्क्रीनवर एक हिरवी रेघ
मॅडम तिकडून हलवतात,
कधी जिवंत, कधी सपाट.

दारात आई : "काय करून राहिली वं?"
"जीव वाचवून राहिले."
ती शर्टाकडे बघते.
काही बोलत नाही.

एकशे वीसच्या ठेक्यात मोजता मोजता
नेट जातं.
रेघ अर्ध्यावर थिजते,
ना वर, ना खाली.

थांबा, असं कोणी म्हटलेलं नाही.
मी दाबत राहते.
कापूस दर वेळी
थोडा उशिरा वर येतो.