अठ्ठावीस हजार

झिद्राने रेडिओ आणला स्लेजवर बांधून,
वर आर्विड्सचा कोट पांघरलेला.
लियेपायाच्या वाऱ्याला बंदरापासून वर यायला
नेमकी आमचीच गल्ली सापडते.

आत काही नव्हतं.
व्हॉल्व्ह कुणी केव्हाच उपटून नेलेले,
तारांचं कापड उंदरांनी खाल्लेलं,
स्पीकरमागे घरटं, घरट्यात ट्रामच्या तिकिटाचा तुकडा.
काच तेवढी शाबूत. काचेवर गावं:
रीगा, मिन्स्क, प्राग, हेलसिंकी.
दोरी तुटल्यापासून सुई
हेलसिंकीच्या अलीकडे, कुठेतरी समुद्रात.

"बोलू दे त्याला," म्हणाली, "बाकी मला कळत नाही."

दिवसा मी क्रेनच्या मोटारी दुरुस्त करतो.
हे उद्योग रात्रीचे.
नखाएवढी चिप, मेमरी कार्ड,
कथलाचा वास, चष्म्यावर चष्मा.
डाख दिला, दोरी नवी ओवली,
हिरव्या डोळ्याच्या जागी हिरवा दिवा ठेवला
आणि त्याला हळूहळू मिटायला शिकवलं.
तीन आठवडे लागले. त्यातला एक
नुसता बटणाच्या खटक्यासाठी.

झिद्राने बटण फिरवलं.
खटका पुरा व्हायच्या आत
गायकवृंद छातीवर येऊन आदळला.
चिप म्हणजे गुडघ्याला बाशिंग.

ती दचकली. मग म्हणाली, "हा आपला नव्हे.
आपला आधी तापायचा."
"किती वेळ?"
तिने डोळे मिटले, ओठांनी काही मोजलं.
"आर्विड्स चष्म्यावरची वाफ पुसायचा,
मी सुरी खाली ठेवायचे.
भांडण असेल तर तेवढ्यात ठरायचं
आधी कोण बोलणार ते."

त्या रात्री मी एक ओळ लिहिली:
थांब, अठ्ठावीस हजार.
मिलिसेकंदात मोजतात हे.
माझ्या सगळ्या प्रोग्रॅममध्ये
काहीही न करणारी ही एकच ओळ,
आणि तीच मी सर्वांत जास्त वेळा खोडली.
पंचवीस हजार कमी वाटत होते.
तीस हजारांत माणूस उठून जातो.

राहिली खरखर.
दोन गावांच्या मधली.
तयार खरखर मिळते, हवी तेवढी,
पण ती धुऊन इस्त्री केल्यासारखी.
म्हणून एका रविवारी तिच्याच स्वयंपाकघरात
फ्लाउंडर तळत होती तेव्हा
तव्याशेजारी माइक ठेवला, चहाच्या गाळण्यात,
आणि तिला सांगितलं की आवाज तपासतोय.

काल नेऊन दिला.
खटका. काहीच नाही.
हिरवा दिवा फुलत गेला, काचेमागची गावं उजळली.
झिद्राने हातातलं फडकं ठेवलं.
मी घड्याळ बघायचं टाळलं.

मग मिन्स्क, कुणीतरी अकॉर्डियन.
मग तिने सुई सरकवली
प्रागच्या दिशेने, घाई न करता,
आणि मध्ये चुरचुर सुरू झाली,
तेल, मीठ, मासा.
ती तिथेच थांबली.
वाकून कान लावला कापडाला.

"उलट आता," म्हणाली,
मला की रेडिओला कळलं नाही,
"करपतोय."