कल

आदर्कीच्या पुढं, रूळ जिथं डोंगराला खेटून वळतो,
तिथं कटिंगच्या उतारावर आम्ही बत्तीस खुंटे ठोकले.
प्रत्येकाच्या माथ्यावर साबणाच्या वडीएवढी डबी,
डबीत एक सेल
आणि एवढीच अक्कल :
मी सरळ उभा आहे का?

दर दहा मिनिटांनी तो हे शेजाऱ्याला सांगतो,
शेजारी पुढच्याला,
तार नाही, नुसती कुजबुज,
आणि खांबावरच्या पेटीत सगळ्यांचं गाऱ्हाणं जमलं
की ते माझ्या फोनात उतरतं, अंशांमध्ये.

मी मिरजेची. सतारमेकरांची रुबीना.
अब्बा भोपळ्यावर टिचकी मारायचे,
मान कलती करून ऐकायचे,
"अजून ओला आहे" म्हणायचे आणि परत माळ्यावर.
कधी कधी वर्षभर.
कीमन सोपान बोडरे रुळावर हातोडी मारतात
तेव्हा त्यांची मान तशीच कलते.
म्हणून असेल,
पहिल्या दिवशी ते म्हणाले,
"बाय, डोंगूर बोलत न्हाई. आधी त्येला घाम फुटतो,"
तर मी वहीत लिहून घेतलं.
वाद घातला नाही.

नंतर ती सतरा नंबरची रात्र.
एक वाजून चाळीस. कल : आठ अंश.
मालगाडी वाठारला थांबवली,
बॅटऱ्या घेऊन सगळे धावले चिखलातून,
आणि खुंट्याला बांधलेली एक काळी शेळी
आमच्याकडं बघत रवंथ करत होती.
भिकोबा मदने घोंगडीतून उठून म्हणाला,
"खुंटा दिसल्याव बांधणारच की मानूस."

पुढचा महिनाभर
साहेब मीटिंगमध्ये मला विचारायचे,
शेळीनं दूध किती दिलं?

त्यामुळं,
एकवीस, बावीस, तेवीस
जेव्हा रोज एक दशांश, कधी त्याहून कमी,
खालच्या बाजूला झुकायला लागले,
मी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही.
हे इथं लिहायचं होतं म्हणून बाकीचं लिहिलं.
अलार्मची रेघ अजून लांब होती.
पडद्यावरची रेषा तेवढी, म्हातारपणी वाकतात तशी,
रोज बघणाऱ्याला कळणार नाही अशी वाकत होती.

तिसऱ्या दिवशी बोडऱ्यांनीच फोन केला.
"वरच्या अंगाचा झरा आटलाय, बाय.
पानी मोप हाय, पाऊस अजून हाय,
मंग ह्यो कुठं गेला?"
मी म्हटलं, कुठल्या खुंट्याजवळ?
ते जरा वेळ मोजत राहिले, मला श्वास ऐकू येत होता.
"बावीस," म्हणाले.

त्या संध्याकाळपासून गाड्यांना ताशी वीस.
कोल्हापूरकडं जाणारी एक्सप्रेस
सासरी निघालेल्या पोरीसारखी रेंगाळत गेली,
दारातल्या एकानं रेल्वेला आईवरून शिवी दिली,
शेंगांची टरफलं आमच्या अंगावर पडली.
सहा दिवसांनी, भर दुपारी, मधे गाडी नसताना
मुरमाचा एक लगदा, दोन ट्रक भरतील एवढा,
सावकाश खाली येऊन गटारात बसला.
रुळाला शिवला नाही.
बावीस नंबर त्याच्यासोबत गेला.
शेवटचा आकडा : एकोणनव्वद.
म्हणजे आडवा.
त्यानंतरही तो दहा-दहा मिनिटांनी
तेच सांगत होता, चिखलाखालून, तीन वेळा.

पेपरात काही आलं नाही.
काय येणार?
गाडी उशिरा पोचली, एवढंच.

आता तिथं जाळी बसलीय, नवा बावीस ठोकलाय.
मी पुण्याच्या ऑफिसात, पंख्याखाली.
रोज एकच्या सुमाराला
एकोणीस नंबर हलकेच कलतो. शून्य पूर्णांक दोन.
पंचवीस मिनिटांनी पुन्हा सरळ.
रिपोर्टात कारण विचारतात.
मी लिहिते : स्थानिक भार, धोका नाही.

बोडऱ्यांनी डबा अडकवलाय.
आज जरा जड दिसतोय.