तात

अहवालात चार रकाने आहेत.
कलाकाराचं नाव, विद्यार्थी संख्या, कालावधी, फोटो.
पहिले दोन लगेच भरले :
रमजान पिंजारी. एकशे बारा.
तिसऱ्यापाशी पेन अडलंय.

सातपूरची आमची मनपा शाळा,
मागे कंपनीची भिंत, पुढे रिक्षा स्टँड,
हॉल म्हणजे दोन वर्गांमधलं पार्टिशन काढलेलं
आणि दिवाळीच्या सुट्टीतही न जाणारा खिचडीचा वास.
पीटीचा तास बुडाला म्हणून
पोरं सतरंजीवर घुश्शातच टेकली.

ते भद्रकालीहून सिटी बसने आले.
सारंगी दुलईच्या तुकड्यात बांधलेली,
गाठीवर बसचं तिकीट खोचलेलं.
"ही बोटांच्या टोकांनी नाही, नखांच्या मुळांनी वाजते,"
म्हणाले, आणि हात पुढे केला.
पहिल्या रांगेने काळे घट्टे वाकून पाहिले.
"दुखतं?" वेदिका मौले.
"दुखायचं. आता विसरलोय."

मग गज फिरला.
चार मिनिटं. फार तर चार.
मी घड्याळच बघत होते,
मला कालावधी लिहायचा होता.
आणि फट्.
तात तुटली.

आधी कुणी हसलं नाही, मग सगळेच हसले.
मागून दर्शन गांगुर्डे ओरडला,
"चाचा, पुढे ढकला ना!"
अंगठ्याने हवेत ढकलूनही दाखवलं.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं त्याच्याकडे.
"पुढे अजून काही नाहीच, बेटा.
मी वाजवीन तेव्हा होईल."

मी उठले. आभार मानून टाकावेत,
टाळ्या घ्याव्यात, उरलेल्या वेळात पाढे.
पण त्यांनी खिशातून तातीचं वेटोळं काढलं होतं
आणि मांडी मोडायची काही चिन्हं नव्हती.

"आजा कापूस पिंजायचा. गल्लोगल्ली.
त्याच्या धनुकलीला हीच तात.
बापाने कापूस सोडला, आवाज ठेवला."
"कशाची असते?"
"बकऱ्याच्या आतड्याची."
ईऽऽऽ!
एकशे बारा तोंडांतून, वर्षभरात पहिल्यांदाच
एका सुरात.

भोकात तात शिरेना.
दर्शन न विचारता पुढे गेला,
त्याचे मामा येवल्याचे, पतंगवाले.
टोक जिभेवर ओलं करणार होता,
आतडं आठवलं, थांबला, डोळे मिटले, केलंच.
गाठ दोनदा सुटली.
तिसऱ्यांदा बसली तेव्हा सतरंजीवरची रांग
कधीच मोडून गेली होती
आणि मी कुणालाही मागे बसायला सांगितलं नाही.

खुंटी पिळायची, छेडायची, कान लावायचा,
परत सैल. पस्तीसेक तरफा खाली
आपापल्या जागी थरथरत होत्या.
तेवढ्यात कंपनीचा तीनचा भोंगा झाला.
त्यांनी हात वर केला. सगळे गप्प.
गज हळू सरकला, नवी तात वर चढत चढत
भोंग्याला जाऊन टेकली,
क्षणभर दोन्ही आवाज एकच झाले.
मग भोंगा दमला, तात नाही.
"थोडा उतरलाय तुमचा कंपनीवाला,"
असं म्हणून ते सारंगी नीट मांडीवर घेतात न घेतात
तोच शाळेची घंटा.

दुलईची गाठ मारायलाही दर्शनच.

फोटोत सारंगी दिसत नाही.
नुसत्या वाकलेल्या माना,
मधोमध एक पांढरी टोपी.
वरिष्ठ विचारतील, कार्यक्रम कुठाय यात?

चार मिनिटं लिहू की पस्तीस?
रकाना एकाच आकड्याचा आहे.

आज भूमितीच्या तासाला
मागच्या बाकावर कंपासपेटीला रबर ताणून
कुणीतरी छेडलं. थांबलं. ताणलं. परत छेडलं.
मला कळलं कोण ते.
मी फळ्यावरचा त्रिकोण
जरा सावकाशच पुसला.