दोन घरं

गुरुवारी ड्यूटी संपली की आधी चेन.
रॉकेल, जुना टूथब्रश, बनियनचा तुकडा.
खालून बोटानं उचलायची,
दोन बोटं हलली तर ठीक,
तीन हलली तर मागच्या चाकाचा नट सैल करून
दोन्हीकडच्या रेघा मोजत चाक मागं ओढायचं.
एअर फिल्टर आपटला की
वादी जिझीचा निम्मा रस्ता फरशीवर पडतो.
आणि मीठ.
सोहारची हवा रात्रभर बोल्टांवर जिभा फिरवत असते,
सकाळी पाना लावावा तर डोकंच हातात येतं.

गाडी कुरियाकोसची. बंदरात क्रेनवर होता.
गावी परत निघाला तेव्हा सातशे रियाल म्हणाला,
मी शंभर रोख दिले, बाकी सहा हप्ते.
सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत एक निळी वही निघाली,
ती त्यानं नेली नाही. विसरला असेल.
अक्षरं मल्याळी, वेटोळी वेटोळी,
आकडे मात्र आपल्या ओळखीचे.
अडतीस हजार दोनशे. एकेचाळीस हजार दोनशे.
दर तीन हजाराला तोच शब्द,
म्हणजे ऑइल.
मग प्लग कळला, ब्रेकचे पॅड कळले.
वाचता येत नसताना मी ओळखू लागलो,
जसे माझे वडील इचलकरंजीत
चाळीस माग धडधडत असताना
चौदाव्याचा धोटा अडखळला हे पाठमोरे सांगायचे.

बावन्न हजार सहाशे चाळीसला मात्र
एक ओळ होती, कशातच न बसणारी.
आणि तीन आठवड्यांनी दुसरी,
तिच्यातले निम्मे शब्द तेच.

फलजच्या इंडस्ट्रियलमध्ये मोइदूची चहाची टपरी.
त्यानं हात पुसले, वही लांब धरली, चष्मा शोधला,
शेवटी चष्म्याशिवायच वाचलं, तोडक्या हिंदीत:
लेक आली. मागं बसली.
मागचं स्प्रिंग दोन घरं घट्ट.
आणि दुसरी?
दोन घरं सैल.
एवढंच?
एवढंच, म्हणाला. पुढं परत ऑइल आहे.
आणि दुधाचं पातेलं उतू जायला लागलं म्हणून गेला.

शुक्रवारी पहाटे सव्वाचारला
खोलीवरच्या तिघांना न उठवता
मी गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत नेतो.
सव्वादोनशे किलो, आणि हौस माझीच.
शिनासकडं जाताना डावीकडं डोंगर
आधी काळे, मग जांभळे, मग नुसते दगड.
एक उंटीण रस्त्यात उभी होती,
तिनं माझ्याकडं असं बघितलं
की मीच तिच्या खोलीत शिरलोय.
मागच्या सीटवर पाच लिटर पाणी,
पंक्चरचं सामान, बंजी दोरी.
सात वाजता ऊन चावायला लागलं की परत.

फोनवर बायको विचारते, आज कुठवर?
शिनासच्या पुढं.
बघायला कसं आहे?
मी सांगतो, रस्ता चांगला आहे.
फॅमिली व्हिसाला पगार साठ रियालनं कमी पडतो,
ते तिला पाठ आहे.
गाडीचे हप्ते फिटले तरी तो साठनंच कमी पडतो,
हेही तिनंच मला हिशोब करून सांगितलं.

काल मागच्या चाकापाशी उकिडवा बसलो
आणि स्प्रिंगची ती कडी बघितली.
खाचा मिठानं बुजलेल्या.
रात्रभर डिझेल सोडलं,
सकाळी कुरियाकोसचाच हूक पाना लावला.
पहिल्यांदा माझ्या मनगटाची सालटी गेली,
मग कर्रकन एक घर,
मग दुसरं.
सीटवर तळहात दाबून बघितला,
गाडी ताठ उभी, कुणीतरी बसायची वाट बघितल्यासारखी.
थोडा वेळ तसंच ठेवलं.
चहा पिऊन आलो.
मग दोन घरं मागं.

खाचांना ग्रीस भरलं आणि वहीत लिहिलं,
त्याच्या शेवटच्या ओळीखाली, माझ्या अक्षरात:
एकोणसत्तर हजार तीनशे दहा.
मागच्या स्प्रिंगची कडी गंजली होती, सोडवली.
घर तेच.
ऑइल पुढच्या गुरुवारी.